मास्तरांच्या मॉडेलमधली बाई

"काचेला नाक लावायचं नाही."

"लावलं नाही हो... लागलं."

पहिल्या भेटीतलं बोलणं एवढंच. बोलणारी उभी होती आणि ऐकणारा गुडघ्यांवर होता. संग्रहालयाच्या मधल्या दालनात, भर दुपारी, एक चांगला धडधाकट तरुण फरशीवर गुडघे टेकून, एक डोळा मिटून काचेच्या पेटीत बघत होता. खांद्याला कापडी पिशवी. करड्या कोटातली ती, म्हणजे त्या दालनाची राखणदार, आधी त्या पिशवीकडे बघत राहिली, मग चेहऱ्याकडे. चेहरा बरा होता. त्यामुळे तिचा संशय आणखीच वाढला.

मुलगी संशयी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिच्या घराण्यातच ते होतं. आई दूध तापवायच्या आधी हुंगायची आणि तापवल्यावर पुन्हा हुंगायची. वडील कुलूप लावून जिना उतरायचे, आणि लागलंय का ते ओढून बघायला परत वर जायचे. दादानं लग्न करून आणलेली वहिनी तेवढी भोळी. तिनं आल्या आल्या नणंदेचं नाव 'फौजदार' ठेवलं आणि ते असं चिकटलं की आता शेजारीपाजारीही तेच म्हणतात. आपणही तेच म्हणू. बघायला आलेल्या एका मुलाला फौजदारनं नकार दिला, कारण तो फार हसत होता. दुसऱ्याला दिला, कारण तो हसतच नव्हता.

"अगं, मग माणसानं हसावं तरी किती?" वहिनीनं कपाळाला हात लावला होता.

"कारण असेल तेवढं," फौजदार म्हणाली होती.

असे नकार देता येत होते, ते या नोकरीच्या जोरावर. नोकरी सुटली तर घरी बसायचं, आणि घरी बसलेल्या मुलीचा नकार फार काळ कुणी ऐकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण नोकरी अजून कच्ची होती. आधी ती दगडी मूर्तींच्या दालनात होती. तिथे चोरी करायची म्हटली तरी चोराला क्रेन आणावी लागली असती. आता मात्र तिला बसवलं होतं मास्तरांच्या प्रदर्शनात.

मास्तर म्हणजे ते थोर वास्तुकार, ज्यांच्या इमारती बघायला लांबलांबून माणसं येतात. हे संग्रहालयही त्यांनीच बांधलेलं, अगदी शेवटचं. ते गेल्यानंतर त्यांच्या हातची लाकडाची आणि पुठ्ठ्याची मॉडेलं पहिल्यांदाच लोकांपुढे आली होती. वाचनालय, शाळा, नदीकाठचं घर, आणि मधोमध, बुटक्या टेबलावर, याच संग्रहालयाचं मॉडेल. दाराशी मोठा फलक होता. त्यावर लिहिलं होतं की इतर वास्तुकार मॉडेलमध्ये चिमुकली माणसं उभी करतात, मास्तरांनी मात्र आपल्या एकाही मॉडेलमध्ये कधी माणूस ठेवला नाही. येणारे लोक ते वाचून गंभीर व्हायचे. कॉलेजातली मुलं तर त्या रिकाम्या खोल्यांवर इतकं जड जड बोलायची की फौजदारला जांभई यायची.

मॉडेलं मास्तरांच्या पत्नीनं दिली होती, तीही अट घालून. एकही गोष्ट आत घालायची नाही, एकही गोष्ट बाहेर काढायची नाही. त्या स्वतः एक दिवस बघायला येणार होत्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणायचे.

"प्रदर्शन नीट पार पडलं की तुमची कायमची ऑर्डर काढते," संग्रहालयाच्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं. "पण काही इकडचं तिकडे झालं, तर माझा नाइलाज आहे. दालन तुमचं, जबाबदारी तुमची."

आणि आता हा पिशवीवाला.

तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला. वेळ तीच, पेटी तीच, गुडघे तसेच टेकलेले. वाचनालयाकडे बघणं नाही, नदीकाठच्या घराकडे ढुंकूनही नाही. सरळ संग्रहालयाच्या मॉडेलपुढे जायचा आणि दारातून आत डोकावायचा.

"तिकीट?" फौजदारनं हात पुढे केला.

त्यानं दिलं. तिनं ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं, तारीख वाचली, उजेडाकडे धरलं, कडा फाटलीय का ते बोटानं चाचपलं. तो शांतपणे उभा होता. शांत उभा राहणारा माणूस तिला आवडायचा नाही. खरं तिकीट असलेली माणसं या वेळेपर्यंत चिडतात.

"खरं आहे का?" त्यानं विचारलं.

"दिसतंय तरी तसं."

"आणि मी?"

"तुमच्यावर शिक्का नाही," ती म्हणाली. "त्यामुळे सांगता येत नाही."

तो हसला. कारण होतं तेवढंच हसला... हे तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"रोज काय बघता हो एवढं?"

"उजेड."

"उजेड बाहेर फुकट मिळतो."

"हा नाही मिळत," तो म्हणाला, आणि पुन्हा गुडघ्यांवर बसला.

आता हे उत्तर सरळ माणसाचं आहे का? तुम्हीच सांगा. फौजदारनं घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं. रोज येतो, एकटा येतो, पिशवी असते, बोटांना सुकलेला गोंद असतो, उजेड बघतो म्हणतो.

"दिसायला कसा आहे?" वहिनीनं विचारलं.

"वहिनी, मी चोराबद्दल बोलतेय."

"मीही चोराबद्दलच विचारतेय."

फौजदारनं विषय बदलला. पण दुसऱ्या दिवशी दुपार झाली तसं तिनं उगाचच केस सारखे केले, आणि दाराकडे बघत बसली. पाळत ठेवायची म्हणजे दाराकडे बघावंच लागतं. तो उशिरा आला. तेवढ्या वेळात तिचा जीव वरखाली झाला, आणि तो कामाच्या काळजीनंच झाला असं तिनं मनाला बजावलं.

"उशीर झाला आज," तिच्या तोंडून निघून गेलं.

"वाट बघत होतात?"

"नोंद ठेवत होते."

"मग लिहा की... आला, आणि त्याला बरं वाटलं."

तिनं त्याचं तिकीट नेहमीपेक्षा जास्त वेळ तपासलं. तिचे कान लाल झाले होते आणि मान वर करायची सोय नव्हती.

असे काही दिवस गेले. मग एक दिवस सकाळीच मोठ्या बाईंचा निरोप आला. मास्तरीणबाई उद्या येताहेत, दालन उघडायच्या आधीच; त्यांची भेट नीट झाली तर ऑर्डर उद्याच. दुपारी पिशवीवाला येऊन गेला. तो गेल्यावर दालन रिकामं झालं आणि फौजदारला राहवेना. हा माणूस रोज बघतो तरी काय? तिनं इकडेतिकडे पाहिलं. कोट सावरला. आणि जन्मात पहिल्यांदा त्या फरशीवर गुडघे टेकून, एक डोळा मिटून, मॉडेलच्या चिमुकल्या दारातून आत पाहिलं.

वरून बघताना मॉडेलचं नुसतं छप्पर दिसायचं. खाली वाकल्यावर मात्र अख्खं दालन दिसलं. हेच दालन, हाच जिना. छतातल्या फटीतून उतरलेला उन्हाचा पट्टाही तोच. आणि त्या पट्ट्यात, जिन्याच्या कडेला, एक खुर्ची. खुर्चीवर एक बाई.

बोटाच्या पेराएवढी बाई. अंगात करडा कोट, पाठीवर वेणी, मान जराशी तिरकी, दाराकडे बघत असलेली. एक पाय बुटात, दुसरा बाहेर. बूट खुर्चीखाली पडलेला, मोहरीएवढा.

फौजदारनं हळूच आपल्या पायांकडे पाहिलं. खुर्चीत बसलं की एक बूट काढून ठेवायची सवय तिला शाळेपासून होती. कुणाच्या कधी लक्षात आली नव्हती, निदान तिला तरी तसं वाटत होतं.

एक क्षण ती गालातल्या गालात हसली. खोटं कशाला बोला, हसलीच. पण दुसऱ्याच क्षणी तिला फलक आठवला, अट आठवली, आणि उद्याची सकाळ आठवली. मास्तरांच्या मॉडेलमध्ये माणूस. पुतळी तिची, दालन तिचं. ठेवली कुणी, हे कोण विचारत बसणार? मिरवायची हौस भारी, म्हणतील, आणि घरी पाठवतील.

ती धावतच बाहेर गेली. तो पायऱ्यांवरच होता, पिशवीत काहीतरी शोधत.

"पेटीची चावी कुठून आणली?"

त्यानं मान वर केली. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"बघितलंत..."

"चावी."

त्यानं पिशवीतून चावी काढली. तिच्यावर संग्रहालयाचाच बिल्ला होता. पाठोपाठ त्याचा पास निघाला, मग मऊ ब्रश, चिमटा, गोंदाची बाटली. तो मॉडेलं बनवणारा आणि दुरुस्त करणारा होता. जुना गोंद सुटतो, पुठ्ठा वाकतो, म्हणून संग्रहालयानं त्याला या प्रदर्शनापुरतं नेमलं होतं. रोज सकाळी दालन उघडायच्या आत मागच्या दारानं यायचा, पेट्या उघडून डागडुजी करायचा, आणि फौजदार कामावर यायच्या आत निघून जायचा.

"पास आहे, मग रोज तिकीट का काढता?" तिचा संशय अजून उभाच होता.

"पास दाखवला असता तर तुम्ही नुसतं 'जा' म्हणाला असतात," तो म्हणाला. "तिकीट बघायला तुम्ही दोन मिनिटं घेता."

यावर फौजदार आणखीच भडकली.

"तुमची होते गंमत आणि माझी जाते नोकरी. ही ऑर्डर माझ्यासाठी काय आहे, माहीत आहे तुम्हाला? कुणाच्या दारात 'हो' म्हणत उभं राहावं लागू नये, म्हणून मी इथे दिवसभर खुर्चीवर बसते. आणि तुम्ही मला उचलून थेट मास्तरांच्या पेटीत बसवलंत. विचारलंत तरी का मला?"

त्यानं मान हलवली.

"नाही विचारलं. चुकलं माझं. पहिल्या सकाळी तुमची खुर्ची तिथे रिकामी पडली होती, तिच्याखाली एक फुलाची पाकळी, बुटाला लागून आलेली. म्हटलं, कोण बसत असेल? दुपारी तिकीट काढून बघायला आलो... मग हात थांबला नाही. उद्या सकाळी काढून टाकतो. तुमच्या आधी, सगळ्यांच्या आधी."

"नक्की?"

"विश्वास ठेवा."

"तेच जमत नाही मला," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

आणि बघा, विश्वास खरंच ठेवण्यासारखा नव्हता. सकाळी ती धापा टाकत पोचली तेव्हा दालनात मोठ्या बाई होत्या, काठी टेकत आलेल्या मास्तरीणबाई होत्या, आणि त्यांच्या मागे, हात बांधून, पिशवीवाला उभा होता. मास्तरीणबाई पहाटेच येऊन बसल्या होत्या आणि सगळ्या चाव्या त्यांनी आपल्या हातात घेतल्या होत्या. त्यानं तिच्याकडे बघून मान अगदी थोडी हलवली. निघाली नव्हती. पुतळी आतच होती.

मास्तरीणबाई लहानखुऱ्या होत्या, पण नजर अशी की काच पुसून घ्यावी. वाचनालय पाहिलं, शाळा पाहिली, नदीकाठच्या घरापुढे थोडं थांबल्या. मग मधल्या बुटक्या टेबलाशी आल्या. फौजदार खुर्चीच्या दांडीला धरून बसली होती, ती उठून उभी राहिली.

"याच्या दारातून जिना दिसायला हवा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्या जिन्यावरून ते किती भांडले होते सगळ्यांशी. पण माझे गुडघे वाकत नाहीत आता. तू ये गं मुली. वाक, आणि मला सांग काय दिसतं ते."

सगळ्यांना सोडून नेमकं तिलाच. फौजदारनं गुडघे टेकले. तिचा श्वास काचेवर उमटला. करडा कोट, वेणी, बूट. मोठ्या बाई ऑर्डरच्या कागदावर सही करायला पेन खिशात घेऊन आल्या होत्या, ते पेन तिला दिसत होतं. 'जिना दिसतो' एवढं म्हटलं की संपलं. खोटंही नव्हतं ते. पण आयुष्यभर जगाच्या तिकिटांची मागची बाजू तपासत आलेल्या मुलीला स्वतःचं तिकीट अर्धंच दाखवता येईना.

"जिना दिसतो," ती म्हणाली. "आणि... एक बाई दिसते."

मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. "बाई? कसली बाई? कुणी ठेवली?"

फौजदारनं त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. झालं, तिच्या मनात आलं, आता हा हात वर करणार. चेहरा बरा होता तेव्हाच समजायला हवं होतं.

"मी ठेवली," तो म्हणाला. "यांना माहीत नव्हतं. यांना काल कळलं, आणि यांनी मला चांगलं झापलं. काढून टाकायला लावलं होतं, मला जमलं नाही. काम सोडतो म्हणाल तर आत्ता सोडतो. यांचं काही करू नका."

मास्तरीणबाई त्याच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "पण बाई आहे कोण?"

मास्तरीणबाईंची नजर फिरत फिरत खाली गेली आणि फौजदारच्या पायाशी थांबली. गडबडीत उठताना एक बूट खुर्चीखालीच राहिला होता.

"उघड ते झाकण," त्या चावी पुढे करत म्हणाल्या.

त्यानं काच उचलली, छप्पर अलगद बाजूला केलं, चिमट्यानं बाईला खुर्चीसकट उचललं आणि म्हातारीच्या तळव्यावर ठेवलं. मास्तरीणबाईंनी तिला डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघितलं. आणि मग त्या हसायला लागल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"कधीही माणूस ठेवला नाही म्हणे," त्या फलकाकडे काठी दाखवत म्हणाल्या. "अरे, माणूस ठेवल्याशिवाय पायरी किती उंच करायची ते कळणार कसं? प्रत्येक मॉडेल करताना ते एक पुतळी ठेवायचे. मीच असायची ती. अंबाडा घालून, कमरेवर हात ठेवून. मॉडेल पुरं झालं, लोक बघायला येणार म्हटलं की उचलून शर्टाच्या खिशात. लाजायचे ना. लोकांनी त्याचं तत्त्वज्ञान केलं, मी कशाला मोडता घालू?" त्यांनी डोळे पुसले. "लग्नानंतर कपडे धुवायला घेतले आणि खिशात पहिली सापडली, तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी. म्हटलं, ही कोण बया?"

मोठ्या बाईंना हसावं की नाही ते कळत नव्हतं.

"आता अट म्हणजे अट," मास्तरीणबाई एकदम कडक झाल्या. "ही इथे राहायची नाही. माझ्या नवऱ्याच्या घरात दुसऱ्याची बायको नको मला."

"बायको नाही, आजी," तो घाईघाईनं म्हणाला. "म्हणजे... अजून नाही."

"अजून नाही म्हणजे?" फौजदारनं तिथल्या तिथे विचारलं.

"बघ, हिला बरोबर ऐकू येतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पुतळी त्याच्या शर्टाच्या खिशात घातली आणि वरून हलकेच थापटलं. "अशांची जागा हीच असते." मग त्या मोठ्या बाईंकडे वळल्या. "आणि या मुलीला हलवू नका. स्वतःचं नुकसान दिसत असून हिनं मला खरं सांगितलं. मॉडेलं हिच्याच दालनात राहू देत."

मोठ्या बाईंनी पेन काढलं. त्याला मात्र सगळ्यांसमोर यथेच्छ बोलणी बसली, आणि ती त्यानं मान खाली घालून ऐकली.

दुपारी तो आला. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या पिशवीसकट. तिनं हात पुढे केला. त्यानं तिकीट दिलं. तिनं पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"आधी किती जणींना बसवलंय असं मॉडेलांमध्ये?"

"एकीलाही नाही."

"सगळे असंच म्हणत असतील."

"म्हणत असतील," त्यानं मान्य केलं. "तपासून बघा."

"खिसा दाखवा."

तो जवळ आला. तिनं दोन बोटं त्याच्या खिशात घातली. त्याच्या छातीतली धडधड बोटांना लागली, आणि तिनं बोटं काढायला जरा वेळ लावला. आत एकच पुतळी होती. करडा कोट, वेणी. दुसरं कुणी नव्हतं. तिनं पुतळी नीट निरखली, पुन्हा खिशात ठेवली, आणि आईसारखंच, न राहवून, खिसा पुन्हा एकदा उघडून बघितला.

"आवडता तुम्ही मला," ती हळूच म्हणाली. "पण संशय आहेच अजून."

"राहू दे की."

छतातल्या फटीतून ऊन सरकत तिच्या खुर्चीवर आलं होतं. ती बसली. एक पाय बुटातून बाहेर काढला. या वेळी त्याच्या देखत.

"उद्यापासून तिकीट काढू नका," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "मग माझी दोन मिनिटं?"

"दोन मिनिटांत," फौजदार म्हणाली, आणि शेजारी ओढून ठेवलेल्या दुसऱ्या खुर्चीकडे तिनं बोट केलं, "माणूस तपासून होतो का कधी?"